खाचेतला गरम कीस

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी कोणाच्या दारात शपथा घेत फिरणार नाही.

या पेजवरच्या गोष्टी मी रोज वाचते. सगळ्यांच्या गोष्टी अमावस्येच्या रात्रीच्या, घाटातल्या नाहीतर बंद बंगल्यातल्या. माझी गोष्ट भर दुपारची आहे.

ठिकाण बिबवेवाडी, पुणे. साल १९९९. वार कायम गुरुवार.

पुण्यात राहिलेल्या माणसाला गुरुवार वेगळा सांगायला नको. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट जायची, ती सकाळी गेली की थेट संध्याकाळी यायची. म्हणून छोट्या कारखान्यांची सुट्टीही गुरुवारीच. आमच्या गल्लीत एरवी दिवसभर लोखंड वाजत असायचं. गुरुवारी मात्र इतकं शांत, की शेजारच्या सुंदराबाईंच्या नवऱ्याने पेपरचं पान उलटलं तरी आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं.

अशाच एका गुरुवारी, लाईट नसताना, आमच्या कुलूप लावलेल्या गाळ्यातून मशिन चालल्याचा आवाज आला...

पण आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे आवाज ऐकून मी दचकले का नाही, ते कळेल.

मी शैला. आम्ही मूळचे लातूरकडचे. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. माझे मालक मच्छिंद्र एका मोठ्या कंपनीत मिलिंग मशिनवर होते. ज्यांना हे मशिन माहीत नाही त्यांच्यासाठी, दातेरी चकती फिरत असते, तिला कटर म्हणतात. खाली टेबल असतं. टेबलावर वाइसमध्ये म्हणजे शिकंज्यात लोखंड आवळायचं आणि टेबल हळूहळू कटरखालून न्यायचं. कटर लोखंडात खाच पाडत जातो. ज्या लोखंडावर काम चाललंय त्याला जॉब म्हणायचं.

नव्वदीनंतर बाहेरच्या कंपन्या आल्या. आमच्या कंपनीनेही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं मागवली आणि जुन्या मशिनांबरोबर जुनी माणसंही काढायला घेतली. माणसांना व्हीआरएस मिळाली, मशिनांचा लिलाव झाला. मालकांनी व्हीआरएसच्या पैशातून लिलावात स्वतःचंच मशिन विकत घेतलं. ज्याच्यासमोर दहा-बारा वर्षं उभे राहिले, तेच. सुंदराबाई म्हणाल्या होत्या, हौस असते एकेकाला.

बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर आणि त्याला चिकटून पत्र्याचा गाळा. माझ्या स्वयंपाकघराची भिंत आणि गाळ्याची भिंत एकच. मशिन चालू झालं की माझ्या फळीवरची ताटं बारीक वाजायची. दिवसभर. त्या वाजण्यावरून मला आत काय चाललंय ते समजायला लागलं. शिकले म्हणून नाही. कान बंद करता येत नाहीत म्हणून.

कटरचा प्रत्येक दात लोखंडावर एक मार देतो. सगळे मार सारखे असले की आवाज एकसुरी येतो. एखादा दात बोथट झाला, किंवा कटर ज्या दांड्यावर बसवतात तो दांडा जरासा वाकला, की एकच दात जास्त खायला लागतो. मग प्रत्येक फेऱ्याला एक ठोका वेगळा पडतो.

खर्र खर्र खर्र... ठक्.

खर्र खर्र खर्र... ठक्.

मालक म्हणायचे, कटर मार देतो आणि तेवढाच खातोही. तो मार दांड्यातून बेअरिंगमध्ये जातो, बेअरिंगमधून सगळ्या मशिनच्या हाडात. म्हणून ते काम करताना डावा तळहात मशिनच्या खांबाला लावून उभे राहायचे, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. सगळं ठीक असलं की मला भिंतीपलीकडून हाक यायची.

"शैले, चहा टाक. मार सारखा हाय."

वर्षानुवर्षं हेच वाक्य. मी कधी उत्तर दिलं नाही, नुसतं आधण ठेवायची.

त्यांचे दोन नियम होते. एक, अर्धा जॉब वाइसमध्ये ठेवून मशिन बंद करून जायचं नाही. आणि दुसरा, उलटा कट कधी घ्यायचा नाही.

उलटा कट म्हणजे काय, ते मला एकदा त्यांनी समजावलं होतं. कटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध टेबल यायला पाहिजे. मग कटर लोखंडाला ढकलत राहतो आणि सगळं ताब्यात असतं. टेबलही कटरच्याच दिशेने गेलं तर कटर लोखंडाला आत ओढतो. नवीन मशिनला ते चालतं. आमचं मशिन जुनं, टेबलाच्या स्क्रूचे आटे झिजलेले, त्यात ढील होती. "चढावर बैल गाडी ओढतो तोवर भ्या नाही," मालक म्हणाले होते. "उताराला जू ढिलं असलं की गाडी बैलाच्या अंगावर येते."

मी रोज संध्याकाळी गाळा झाडायची. लोखंडाचा कीस कुठे पडलाय यावरूनही कट ओळखता येतो. सरळ कटात कीस पुढच्या न कापलेल्या लोखंडावर पडतो. उलट्या कटात तो मागे पडतो, कापून झालेल्या खाचेत. मालकांच्या खाचा कायम स्वच्छ असायच्या.

१९९८ च्या सप्टेंबरात, गणपती उठल्यावरच्या शुक्रवारी सकाळी, ते गेले.

मी भाकरी थापत होते. भिंतीपलीकडे मशिन सुरू झालं. सुरुवातीला आवाज एकसुरी होता. मग...

खर्र खर्र खर्र... ठक्.

मी हात थांबवला. म्हटलं, आता बंद करतील.

ठक्. ठक्.

मग एकदम काहीतरी ओढल्यासारखा आवाज, एक फटका, आणि त्यानंतर मोटरचं नुसतं गुणगुणणं...

कटर फुटला होता. त्याचा एक तुकडा मालकांच्या मानेत, कानाच्या खाली घुसला होता. रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. शेजारच्या गाळ्यातले संपतराव लेथवाले, त्यांनी मशिन बघितलं. टेबल उलट्या दिशेने चालवलेलं होतं. अर्ध्या खाचेत कीस भरला होता. संपतरावांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, मच्छिंद्रनं उलटा कट घेतला, घाई नडली. गल्लीत माणसाच्या आधी त्याची चूक पोचते.

मला तेवढं एकच लागलं. माणूस गेला, ते मला समजतच नव्हतं. पण जी गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नाही, तिच्यापायी ते गेले असं लोक म्हणत होते, आणि खाचेतला कीस मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता.

रडू आलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मीच चहा केला. सुंदराबाईंनी माझ्याकडे दोनदा निरखून बघितलं. काही वाटायचंच बंद झालं होतं. पोळलेल्या बोटाला नंतर काही कळत नाही, तसं.

घरात माझा धाकटा दीर उत्तरेश्वर होता. मूलबाळ आम्हाला नाही, त्याला मीच दहावीनंतर इकडे आणून शिकवलं. तो एका कंपनीत कॉम्प्युटरच्या मशिनवर होता. भावाच्या मागे तो फार गप्प झाला. जेवायला बसला की मान वर करायचा नाही. पण त्याने गाळा सोडला नाही. मशिनला नवा दांडा घातला, नवा कटर आणला. म्हणाला, पाडव्याला कंपनी सोडतो आणि गाळा मीच चालवतो, दादाचं नाव राहील.

फक्त वाइसमधला तो अर्धा जॉब तसाच राहिला. कटरने ओढल्यामुळे तो तिरका होऊन इतका आवळला गेला होता की वाइसचं हँडल फिरेना. पुढे कोणी जोरही लावला नाही. मी खाचेतला कीस ब्रशने काढला, गाळा झाडला आणि कुलूप घातलं.

जानेवारीतला गुरुवार. उत्तरेश्वर सुट्टीचा म्हणून बुधवार पेठेत काही सामान आणायला गेला होता. घरात मी एकटी. लाईट गेलेली. पंखा बंद.

मी तांदूळ निवडत होते.

फळीवरची ताटं वाजायला लागली...

आधी वाटलं, रस्त्यावरून ट्रक गेला असेल. पण ट्रक जातो. हे जाईना.

मग भिंतीतून आवाज आला. एकसुरी. खर्र खर्र खर्र.

मी वर बघितलं. पंखा बंदच होता.

मी उठले नाही. भीती वाटली असती तर उठले असते, बाहेर तरी पळाले असते. मी तांदूळ निवडत राहिले. थोड्या वेळाने तो ठोका आला. ठक्. ठक्. मग ते ओढणं, मग फटका...

आणि शांतता. सुंदराबाईंच्या नवऱ्याने पेपरचं पान उलटलं, ते ऐकू आलं.

त्यांना विचारलं तर म्हणाले, कसला आवाज? गुरुवारी?

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. तेव्हा मात्र मी आवाज थांबल्यावर किल्ली घेतली आणि गाळा उघडला.

आत काही हललेलं नव्हतं. मेन स्विच खाली. कटरवर धूळ.

पण खाचेत...

खाचेत कीस होता. मी स्वतः ब्रशने स्वच्छ केलेल्या खाचेत. मी चिमटीत धरला आणि सोडून दिला. तो गरम होता.

म्हणजे उलटा कट. मी तिथेच उभी राहून विचार केला, लोक खरंच बोलत होते की काय? मरून चार महिने झाले तरी हा माणूस तीच चूक परत परत का करतोय? मला राग यायला पाहिजे होता. तोही आला नाही. मी कीस सुपलीत भरला आणि बाहेर टाकून आले.

त्या संध्याकाळी उत्तरेश्वरला जेवताना सगळं सांगितलं. आवाज, ताटं, कीस. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. मला वेडी म्हणाला नाही. त्याने फक्त एक विचारलं.

"कीस पुढं पडलेला का खाचेत?"

मी म्हटलं, खाचेत.

त्याने ताटावरून हात काढून घेतला. भाकरी तशीच राहिली. त्यानंतर तो गुरुवारी घरात थांबेनासा झाला. सकाळीच बाहेर पडायचा आणि लाईट आल्यावर परत यायचा.

मला एकच काळजी लागली होती. हा पोरगा पाडव्यापासून त्याच मशिनसमोर उभा राहणार होता. मी दोनदा म्हटलं, विकून टाकू. तो म्हणाला, नाही वहिनी, ते मला चालवलंच पाहिजे. चालवायचंय म्हणाला नाही, चालवलंच पाहिजे म्हणाला. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.

त्या वर्षी पाडवा नेमका गुरुवारी आला.

सणाचा दिवस म्हणून लाईट जाणार नाही असं सगळे म्हणत होते. सकाळी गुढी उभारली. उत्तरेश्वर अंघोळ करून गाळ्यात गेला. मशिन पुसलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मशिनच्या खांबाला साखरेची गाठी बांधली. मी दारात उभी होते.

तो म्हणाला, दादाचं अर्धं राहिलेलं आधी पुरं करतो, मगच नवं हातात घेतो. आणि त्याने हँडल फिरवून टेबल पार पलीकडच्या टोकाला नेलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पलीकडच्या टोकाकडून आलं म्हणजे सरळ कट. मालक घ्यायचे तसा.

मला बरं वाटलं. मी पुरण बघायला आत आले.

गल्लीत कोणीतरी स्पीकर लावला होता. पंखा फिरत होता. मी पुरण वाटायला घेतलं, आणि ताटं वाजायला लागली. म्हटलं, झालं सुरू. आवाज एकसुरी होता. मी अगदी सवयीने चहाचं आधण ठेवलं.

खर्र खर्र खर्र.

खर्र खर्र खर्र...

ठक्.

माझा हात पुरणातच राहिला.

ठक्.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्पीकर बंद आहे. गल्ली गप्प आहे. मी वर बघितलं...

पंखा थांबला होता.

लाईट गेलेली होती, आणि भिंतीपलीकडे मशिन चालू होतं.

मी पुरणाच्या हाताने धावले. सप्टेंबरात मी भाकरी थापत बसले होते. त्या दिवशी बसले नाही, एवढंच.

गाळ्यात अंधुक उजेड. कटर फिरत होता. मेन स्विचवरचा लाल दिवा विझलेला. उत्तरेश्वर मशिनसमोर उभा होता. मान जराशी वाकलेली, नजर कटावर...

आणि डावा तळहात मशिनच्या खांबाला लावलेला.

तो कधी असा उभा राहत नसे. त्यांच्या कॉम्प्युटरच्या मशिनला काचेचं दार असतं, त्याला हात लावायची सवयच नव्हती.

मी हाक मारली. "भाऊजी."

त्याने मान वळवली नाही.

टेबल अलीकडच्या टोकाला होतं. कटरच्याच दिशेने चाललं होतं. खाचेत कीस भरत होता. हँडलवर कोणाचा हात नव्हता आणि हँडल फिरत होतं.

ठक्. ठक्. ठक्.

मी त्याची कॉलर धरली आणि अंगातला सगळा जोर लावून मागे ओढलं. आम्ही दोघं दारात पडलो. त्याच वेळी ते ओढण्याचा आवाज आला, आणि फटका...

डोक्यावर पत्रा वाजला. मग सगळं थांबलं. मोटरचं गुणगुणणंही नव्हतं. मशिनला बांधलेली गाठी तेवढी हलत होती.

दाराशेजारच्या पत्र्याला, उत्तरेश्वर उभा होता त्याच्या मागे, मानेच्या उंचीवर एक भोक पडलं होतं. त्यातून उन्हाची रेघ आत आली होती.

तो उठून बसला. माझ्याकडे, मग मशिनकडे बघितलं. त्याला काहीच कळत नव्हतं. त्याने सांगितलं ते एवढंच, की त्याने अगरबत्ती लावली, टेबल पलीकडे नेलं, स्विच टाकणार तेवढ्यात लाईट गेली. म्हणून तो थांबला. त्याच्यानंतर थेट मानेवर माझा हात. मधलं त्याच्याकडे काही नव्हतं.

"वहिनी, मी चालू केलंच नव्हतं," तो म्हणाला.

तो खाचेतल्या किसाकडे बघत बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"त्या दिवशीचा जॉब मी लावलेला," तो म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी लाईट आल्यावर. तुम्ही देवळात गेला होता. दादाला मदत म्हणून लावला. कंपनीत आम्ही कायम उलट्या कटालाच लावतो, फिनिश भारी येतो, कटर जास्त टिकतो. थोडा कट घेऊन बघितला, चांगला आला. सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट होती. दादाला सांगायचं राहून गेलं."

मग म्हणाला, "दादानं बघितलंच नसंल. मी लावलाय म्हणून तसंच चालू केलं असंल."

सहा महिने हा पोरगा माझ्यासमोर बसून जेवत होता, आणि सहा महिने सगळी गल्ली माझ्या मालकांच्या नावाने बोलत होती. दुसरी कोणी असती तर तिने त्याला त्याच गाळ्यात झोडपलं असतं. मी शोधून बघितलं, माझ्यात काही आहे का. राग, दुःख, निदान मालकांची चूक नव्हती याचं समाधान. काही सापडलं नाही.

मी म्हटलं, "हात धुवा. पुरण थंड होतंय."

आम्ही जेवलो. सणाचा दिवस होता.

संध्याकाळी लाईट आली. तो संपतरावांच्या गाळ्यात गेला आणि गल्लीतल्या चार माणसांसमोर त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. मी त्याला सांगायला लावलं नव्हतं. संपतराव मला भेटायला आले, बराच वेळ चप्पल पायात घालू की नको असं करत उभे राहिले आणि गेले.

मशिन भंगारात दिलं. नेणाऱ्या माणसाने वाइसच्या हँडलला नुसता हात लावला, ते फिरलं आणि जॉब त्याच्या हातात आला. अर्धा नव्हता. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण झालेली होती. ती कधी पूर्ण झाली, मला माहीत नाही. मी तो जॉब ठेवून घेतला नाही. मशिनबरोबरच दिला.

त्यानंतर गुरुवारी ताटं वाजली नाहीत. मी बरेच महिने ऐकत बसायची, पण काही नाही.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती. बरीच वर्षं मीही कोणाला सांगितली नाही. सांगतेय, कारण मागच्या पावसाळ्यापासून मला झोप नीट लागत नाही.

उत्तरेश्वरने कंपनी सोडली नाही. पुढे त्याचं लग्न झालं. निशा चांगली मुलगी आहे, हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आहे, सकाळी कंपनीच्या बसने जाते ती ट्रॅफिकमधून सुटेल तेव्हा येते. आम्ही तिघं अजून एकत्रच राहतो, आता बिल्डिंगमध्ये. गाळा होता तिथे पार्किंग आहे. निशाने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, यांना काय सवय आहे बघा, फ्रिज चालू झाला की त्यावर हात ठेवून उभे राहतात. वॉशिंग मशिनवर पण. डावा हात.

मीही हसले होते.

मागच्या पावसाळ्यातला गुरुवार. निशा ऑफिसला. उत्तरेश्वर सुट्टीचा घरी, हॉलमध्ये. मी ओट्याशी.

लाईट गेली.

पंखे थांबले. फ्रिज थांबला. बिल्डिंगमधला पाण्याचा पंपही थांबला. सगळीकडे ती जुनी गुरुवारची शांतता झाली... मी सवयीने फळीवरच्या ताटांकडे बघितलं.

ताटं वाजत नव्हती.

मी हॉलमध्ये डोकावले. तो भिंतीशी उभा होता. माझ्याकडे पाठ. मान जराशी वाकलेली. डावा तळहात भिंतीला लावलेला.

मग तो बोलला. आवाज त्याचाच होता.

"शैले, चहा टाक. मार सारखा हाय."

दीर वहिनीला नावाने हाक मारत नाही. आमच्याकडे तर नाहीच. आणि ते वाक्य भिंतीपलीकडून मला एकटीलाच यायचं.

मी आत आले आणि आधण ठेवलं. मालक गेले तेव्हा न आलेलं रडू त्या वेळी आलं, आधणाच्या वाफेत, आवाज न करता. भीतीचं होतं की कसलं, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी म्हटलं, "हो, टाकते."

कप घेऊन बाहेर गेले तेव्हा तो सोफ्यावर बसून मोबाईल बघत होता. त्याने मान वर केली.

"वहिनी, लाईट कधी गेली?"

मी निशाला काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? दर गुरुवारी ती बसला जाते, मी दार लावते आणि ओट्याशी येऊन उभी राहते. हाक येऊ नये असं मला वाटतं. हल्ली कधीकधी यावी असंही वाटतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

त्या पाडव्याला मी कॉलर धरून गाळ्याबाहेर ओढलं, ते माझ्या दिराला वाचवायचं म्हणून. पण त्या वेळी मशिनसमोर तळहात टेकून उभा होता तो नक्की कोण होता...

मी कोणाला बाहेर घेऊन आले?